द्राक्षवेलींची व्हायरस टेस्ट करून देणारी लॅब सर्व्हिस: घ्यावी का?

लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत आणि तशीही ही सर्व्हिस सगळीकडे थोड्याफार फरकाने अशीच असते. ते किट पाठवतात, आपण बागेतून सॅम्पल काढून पाठवायचं, मग ते लीफरोल, रेड ब्लॉच, फॅनलीफ या द्राक्षाच्या व्हायरसांपैकी काय आहे काय नाही ते कळवतात. थोडक्यात सांगायचं तर टेस्टिंग एक नंबर, समजावून सांगण्याच्या नावाने बोंब.

टेस्ट का केली, तर रेड वाइनच्या एका प्लॉटमध्ये मण्यांना रंग भरायला लागल्यावर खालची पानं लाल पडायला लागली आणि साखर काही केल्या चढेना, शेजारच्या ओळी तोडणीला आल्या तरी या आपल्या मागेच. कोणी म्हणे पोटॅश कमी पडलंय, कोणी म्हणे मॅग्नेशियम, फवारणी सुचवणाऱ्यांची तर रांगच लागली. लीफरोलमध्ये शिरा हिरव्या राहतात आणि पानाच्या कडा खाली वळतात, रेड ब्लॉचमध्ये कडा वळत नाहीत आणि पान उलटं केलं की शिरा लालसर दिसतात, हे वाचायला छान वाटतं हो, पण बागेत उभं राहिलं की दोन्ही सारखंच दिसतं. पांढऱ्या जातीत तर लाल काही होतच नाही, थोडा पिवळेपणा, तोही असला तर. म्हणून नुसतं बघून ठरवू नका, टेस्ट कराच.

किटला मात्र पूर्ण मार्क. कुठलं पान घ्यायचं ते चित्रासकट दिलंय: घडाजवळची जुनी पानं, देठासकट, शेंड्याची कोवळी अजिबात नको. कारण लीफरोलचा व्हायरस सालीखालच्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो आणि सीझनच्या शेवटी जुन्या पानांत जास्त साठतो. एका वेलीची दोन-चार पानं घ्यायची तीही वेगवेगळ्या फांद्यांवरची, कारण व्हायरस वेलीत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. पानं गळून गेली असतील तर पक्की काडी पाठवायची, लॅबवाले वरची तपकिरी साल काढून आतला हिरवा थर ब्लेडने खरवडून घेतात.

खरी गोची फॉर्ममध्ये आहे. टेस्टची पद्धत एलायझा की पीसीआर, टिक करा, बस. फरक कुठेच लिहिलेला नाही. तर एलायझा व्हायरसचं प्रोटीन पकडते, स्वस्त पडते पण व्हायरस कमी असला की हुकते, पीसीआर जास्त बारीक पकडते. रेड ब्लॉचसाठी पीसीआरच सांगा. दुसरं म्हणजे पाच वेलींची पानं एका पिशवीत घालून एकच टेस्ट करायची सोय आहे, खर्च वाचतो, पण पॉझिटिव्ह आली की पाचातली कुठली ते कळत नाही. प्लॉटमध्ये रोग शिरलाय का एवढंच बघायचं असेल तर ठीक, वेली उपटायच्या असतील तर एकेकीचीच करा.

रिपोर्ट आला तो छाटणी तोंडावर आल्यावर, आणि आला तोही नुसता आकड्यांचा तक्ता. लीफरोल ३ (लीफरोलच्या व्हायरसचा एक प्रकार) पॉझिटिव्ह, पुढे सीटी म्हणून काहीतरी आकडा, काही वेलींना विशीतला आणि एकीला ३४. फोन केला तर पलीकडच्या माणसाने तोच तक्ता मला वाचून दाखवला! नंतर त्यांच्या एका सीनियर मॅडमचा फोन आला, त्या मात्र फारच छान बोलल्या. आकडा जेवढा लहान तेवढा व्हायरस जास्त, ३४ म्हणजे अगदी काठावर, ती वेल पुढच्या सीझनला परत तपासा. आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही, नुकती लागण झालेली वेल निगेटिव्ह दाखवू शकते. हे चार शब्द रिपोर्टखाली छापायला काय हरकत आहे?

औषध विचाराल तर नाही. बागेतल्या वेलीतून व्हायरस घालवणारी कुठलीही फवारणी नाही, कोणी विकत असेल तर सरळ हात जोडा. लीफरोल पसरवतो पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी कीड), त्याची पिल्लं वाऱ्यावर, कपड्यांवर, ट्रॅक्टरवर बसून फिरतात, आणि मुंग्या त्याला सांभाळतात म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त. लागण साधारण २५ टक्क्यांच्या आत असेल तर आजारी वेली काढून नवीन लावा, त्याच्या वर गेली की अख्खा प्लॉटच काढणं परवडतं. काढताना मुळं शक्य तितकी उपसा, जमिनीत राहिलेल्या मुळात व्हायरस पण जगतो आणि ढेकूण पण. दक्षिण आफ्रिकेत व्हर्गेलेगन इस्टेटवर २००२ पासून नेटाने हेच केलं आणि २०१२ पर्यंत लीफरोल जवळपास शून्यावर आणला, म्हणजे होतं, पण चिकाटी लागते. रेड ब्लॉच निघाला असता तर ढेकणामागे लागून उपयोग नव्हता, तो ट्रीहॉपर जातीच्या किड्यामुळे पसरतो, त्यामुळे नक्की कोणता व्हायरस हे कळणं हाच या सर्व्हिसचा खरा फायदा.

माझ्या मते याहून जास्त उपयोग नवीन लागवडीच्या आधी आहे. दोन्ही व्हायरस कलमातून येतात आणि खुंटात असले तर बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. नर्सरीवाला सर्टिफाइड म्हणाला तरी खुंट आणि वरची काडी, दोन्हींचे रिपोर्ट मागा, टाळाटाळ करायला लागला तर ऑर्डर देण्याआधी थोडी सॅम्पल स्वतः पाठवा.

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या मॅडमचा. आणि हो, सॅम्पल शुक्रवारी पाठवू नका, शनिवार-रविवार पार्सल कुरियरच्या गोडाउनमध्ये पडून राहतं आणि पानं सडली की लॅब परत मागवते.