सोनी डब्ल्यू ८३० की कॅनन इक्सस १८५? जुना डिजिकॅम घेणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या पोरांमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची टूम परत आली आणि घरोघरी कपाटात पडलेले कॅमेरे पुन्हा बाहेर निघाले. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे विकायला येणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत मला तरी दोन मॉडेलं सारखी दिसतात: सोनीचा सायबरशॉट डब्ल्यू ८३० आणि कॅननचा इक्सस १८५. सोनी २०१४ चा, कॅनन २०१७ चा. नवे होते तेव्हा दोन्ही दहा हजारांच्या आत मिळायचे. आता कोणता घ्यायचा, असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

आधी एक गोष्ट. तुमच्याकडे पंचवीस-तीस हजारांचा बरा फोन असेल आणि तुम्हाला फक्त रात्रीचे फोटो किंवा रील हवे असतील, तर दोन्हींच्या नादी लागू नका. हे दोघेही व्हिडिओ ७२० पीचाच काढतात. वर डीजेचे प्रखर लाइट समोर आले, की चित्रात उभ्या जांभळट रेघा उमटतात. तो सीसीडी सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या जुन्या प्रकारच्या चिपचा) दोष आहे, कॅमेरा बिघडलेला नसतो. मग घ्यायचा कशासाठी? खऱ्या झूमसाठी आणि खऱ्या फ्लॅशसाठी. दहा-बारा हजारांच्या फोनला झूम म्हणजे नुसतं चित्र ताणणं. इथे भिंग स्वतः पुढे सरकतं आणि आठ पट जवळचं दाखवतं. शिवाय शाळेतल्या पोराच्या हातात सहलीला फोन द्यायचा नसेल, तर कॅमेरा देता येतो.

कागदावर बघाल तर दोघे जुळे भाऊ वाटतात. दोन्हीकडे २० मेगापिक्सेल, दोन्हीकडे सीसीडी सेन्सर आणि त्याचा आकारही एकच. दोन्हीकडे आठ पट झूम, मागे २.७ इंची स्क्रीन (उन्हात दोन्हींवर सारखंच काही दिसत नाही), आणि कंपनीच्या हिशेबाने एका चार्जिंगवर साधारण २१० फोटो. वायफाय दोघांनाही नाही. म्हणून बहुतेक दुकानदार ‘कुठलाबी घ्या, एकच हाय की’ म्हणून मोकळे होतात. एकच नाही.

मुख्य फरक खोक्यावर बारीक अक्षरात असतो. सोनीत ऑप्टिकल स्टेबिलायझेशन आहे. म्हणजे हात हलला तर आतला भाग उलट दिशेने हलून तो थरथराट बराचसा मारतो. इक्सस १८५ मध्ये ते नाही, तिथे जे काही आहे ते डिजिटल, आणि फोटोला त्याचा भरवसा धरता येत नाही.

हा फरक कुठे कळतो, तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत. १२०४ सालचं हे जैन मंदिर काळ्या दगडाचं आहे, आणि मंडपाच्या छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ बघायला लोक मान वर करून उभे असतात. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं की अंधार. तिथे फ्लॅश मारला तर कोरीवकामाचा उठाव जातो, पाकळ्या सपाट दिसतात. फ्लॅश बंद केला की शटर सेकंदाचा आठवा-दहावा भाग उघडं राहतं. मान वर, हात वर, श्वास रोखलेला, अशा अवस्थेत कॅननवर काढलेले फोटो मोठे करून पाहिले तर बहुतेकांत पाकळीच्या कडा दुहेरी आल्या होत्या. सोनीवर त्याच जागेवरून बहुतेक फोटो वापरण्याजोगे निघाले. कॅननवाल्याला अशा वेळी खांबाला टेकून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढावा लागतो. येतो, पण ते सगळं करेपर्यंत मागची मंडळी ‘झालं का हो?’ विचारायला लागतात. (फोटोची परवानगी आधी विचारा. शिवाय किल्ल्यात लष्कराची जागा आहे, तेव्हा कॅमेरा कुठेही बाहेर काढू नका.)

तीच गोष्ट झूमची. भिंगाचे मिलिमीटर जितके जास्त तितकं ते लांबचं जवळ आणतं. हातात धरून फोटो हलू नये म्हणून जुना नियम असा, की भिंग जितक्या मिलिमीटरचं, सेकंदाच्या तितक्या भागापुरतंच शटर उघडं हवं. २०० मिलिमीटरला सेकंदाचा दोनशेवा भाग. सोनीचा झूम २०० वर संपतो, कॅननचा २२४ वर. विकणारा हे २२४ मोठ्या आवाजात सांगेल. पण पूर्ण झूमला कॅननचं भिंग एफ ६.९ पर्यंत आकसतं, सोनीचं ६.३ पर्यंत (आकडा मोठा तितकं भिंगाचं तोंड लहान), म्हणजे कॅननमध्ये उजेडही थोडा कमीच येतो. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला जाल तेव्हा आभाळ भरलेलं असतं. समोरच्या काठावरून पाण्याच्या कडेची माणसं झूम करून टिपायची म्हटलं, तर स्टेबिलायझेशन नसलेल्या कॅमेऱ्याचे ते वरचे २४ मिलिमीटर काय कामाचे? कडक उन्हात राजहंसगडावरून येळ्ळूरची घरं टिपायची असतील तर दोघेही सारखेच.

रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, मात्र सोनी सरळ पुढे आहे. त्याचं भिंग २५ मिलिमीटरपासून सुरू होतं, कॅननचं २८ पासून. तीन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. घरात हळदीचा कार्यक्रम आहे, तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात आणि माणसं तीन मीटरवर. सोनीत साधारण सव्वाचार मीटरची ओळ मावते, कॅननमध्ये पावणेचारच्या आसपास. एक माणूस जास्त बसतो. आणि फोटोच्या बाहेर राहिलेली ती एक आत्या पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवते.

मग कॅनन कुणी घ्यावा?

शेतकऱ्याने, असं माझं मत. इक्सस १८५ मॅक्रोवर ठेवला की भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते. सोनीला निदान पाच सेंटिमीटर लांब राहावं लागतं. उसाच्या पानामागचा लोकरी मावा, अथणीकडच्या बागेत द्राक्षाच्या पानावर दिसू लागलेली भुरी, निपाणीच्या तंबाखूवरची कीड, हे फोटो काढून कुणा जाणकाराला पाठवायचे असतील तर कॅनन जिंकतो. स्वस्त फोनवरचे दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो कॅमेरे यापुढे काहीच नाहीत. एक खुबी लक्षात ठेवा: एक सेंटिमीटर म्हटलं तरी इतकं जवळ गेलात की कॅमेऱ्याचीच सावली पानावर पडते आणि फ्लॅशचा उजेड भिंगाच्या नळीला अडतो. तीन-चार सेंटिमीटरवर थांबा, झूम अजिबात करू नका, आणि उन्हात पान असं धरा की उजेड बाजूने येईल. तेवढ्या उजेडात शटर वेगाने चालतं, त्यामुळे स्टेबिलायझेशन नसल्याचंही काही वाटत नाही. दागिने, नाणी, बियाणं यांचे फोटो लागणाऱ्यांनाही हेच लागू.

कॅननची दुसरी जमेची बाजू चार्जिंगची आहे, आणि आपल्याकडे तिला किंमत आहे. कॅननची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरला लावतात. म्हणजे दोन बॅटऱ्या ठेवल्या की एक कॅमेऱ्यात, एक भिंतीवर. लाइट आली की लावून ठेवायची. सोनीची बॅटरी कॅमेऱ्यातच चार्ज होते, तोवर कॅमेरा वायरीला बांधलेला. त्यातही ती केबल सोनीची स्वतःची, वेगळ्या तोंडाची असते. फोनची मायक्रो यूएसबी तिला चालत नाही. जुना सोनी विकणारे निम्मे लोक ‘केबल कुठेतरी आहे, नंतर देतो’ म्हणतात. ते नंतर कधी येत नाही. एनपी-बीएन बॅटरीचा बाहेरचा चार्जर वेगळा विकत मिळतो, तेव्हा केबल नसेल तर त्याचे पैसे भावातून कापून घ्या. कॅननची बॅटरी एनबी-११एल. तिचा चार्जर सोबत नसेल तर तोच नियम.

रंगांबद्दल थोडक्यात. माणसांच्या चेहऱ्याला कॅनन जरा ऊबदार रंग देतो, ते बऱ्याच जणांना आवडतं. मलाही. सोनी जरा थंड आणि जरा जास्त कडक. उजेड कमी झाला की सोनी फोटोत उमटणारे दाणे पुसण्याच्या नादात केस आणि साडीची जर एकत्र लेपून टाकतो. त्याचा आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा) ३२०० पर्यंत जातो आणि कॅननचा १६०० वर थांबतो खरं, पण ८०० च्या वर दोघांचेही फोटो छापायला देण्यासारखे नसतात. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता शिवजयंती. वैशाखात बेळगावला रात्रभर चित्ररथ निघतात, आणि कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच फोटो असतात. स्पष्ट सांगतो, दोघेही तिथे थकतात. स्टेबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्या लेझीमवाल्याचा हात नाही. फ्लॅश दोन-तीन मीटरपर्यंतच पोचतो, तेव्हा लांबच्या रथावर तो मारण्यात अर्थ नाही. आणि दोघांनाही ओळीने फोटो काढायला लावलं तर सेकंदाला एक फोटोही धड निघत नाही. तिथे युक्ती एकच: रथ थांबेपर्यंत थांबायचं. थांबलेल्या रथाचा, त्याच्याच दिव्यांत, झूम न करता, फ्लॅश बंद ठेवून काढायचा. यात सोनी उजवा. लेझीम, ढोल-ताशा अगदी जवळून फ्लॅशवर काढा, मागे अंधार आणि पुढे उजळलेले चेहरे. हल्ली पोरांना हवा असलेला तो ‘जुना लुक’ असाच येतो, आणि त्यात कॅनन मला अधिक भावतो.

माझा कौल विचाराल तर घरगुती वापर, सहल, देवळं, किल्ले यांसाठी सोनी डब्ल्यू ८३०. शेत, दुकान, जवळून काढायच्या वस्तू आणि लाइटचा भरवसा नसलेलं गाव, तर इक्सस १८५. भाव सारखा असेल तर सोनी, आणि कॅनन हजार-दीड हजाराने स्वस्त पडत असेल तर पुन्हा विचार करा.

घेताना नावाची गफलत होऊ देऊ नका. ‘सोनी डब्ल्यू सिरीज’ म्हणून डब्ल्यू ८०० गळ्यात मारतात. तो दिसायला तसाच आहे, पण झूम पाच पट आणि ऑप्टिकल स्टेबिलायझेशन गायब. म्हणजे ज्यासाठी सोनी घ्यायचा तेच त्यात नाही. अंगावर ‘८३०’ आणि झूमचा आकडा आठ आहे का, ते स्वतः वाचा.

कॅमेरा जुना असला तर भिंगाकडे नीट बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने कपाटात बंद राहिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला आतून बुरशी धरते. कॅमेरा चालू करा, झूम पुढे घ्या आणि मोबाइलची टॉर्च तिरकी मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कॅमेरा खाली ठेवा आणि नमस्कार करा. ती साफ करून घ्यायचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला टेकतो. मग पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून त्यात डाग दिसतात का पाहा, झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करून नळी अडखळते का ऐका, आणि बॅटरी टेबलावर सपाट ठेवून बोटाने फिरवून पाहा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे. कार्ड स्वतःचं घेऊन जा, काढलेले फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मगच व्यवहार करा. फोनवर फोटो घ्यायला टाइप-सीचा एक कार्ड रीडर लागेल, तो शे-दोनशेत मिळतो.

कोल्हापूरला स्वस्त मिळेल म्हणून कुणी निघत असेल तर थोडं थांबा. नव्या कॅमेऱ्यावर जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच, त्यामुळे हद्द ओलांडून काही वाचत नाही. जुन्याला मात्र तिकडे निवड जास्त मिळते, आणि निपाणीकरांना तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळच. दोन-तीन कॅमेरे एकाच दिवशी बघता येत असतील तरच फेरी परवडते.

आणि शोधता शोधता कुठे इक्सस १९० हाताला लागला, तर हे दोघेही बाजूला ठेवा. तो १८५ चाच थोरला भाऊ: २४ मिलिमीटरपासून दहा पट झूम, ऑप्टिकल स्टेबिलायझेशन आणि वरून वायफाय. दिसायला इतका सारखा की पुष्कळ विकणाऱ्यांनाच फरक ठाऊक नसतो, आणि ते तो १८५ च्या भावात देऊन टाकतात.