डिजिटल वेलबीइंग: बरेच महिने वापरल्यावर, आणि मध्यरात्रीच्या त्या पळवाटेबद्दल

डिजिटल वेलबीइंग म्हणजे काय हे सांगण्यात फार वेळ घालवत नाही. फोन किती वापरला ते मोजणारं आणि त्याला लगाम घालू पाहणारं गूगलचं ॲप. २०१८ पासून ॲन्ड्रॉइडवर आहे, फुकट आहे, सेटिंग्जमध्ये पडून असतं आणि बहुतेकांनी ते एकदा तरी उघडून, आकडा बघून, दचकून बंद केलेलं असतं. रोज वापरून झालेलं माझं मत असं की चीज कामाची आहे, पण तिचा सगळ्यात मिरवला जाणारा भाग, म्हणजे एखाद्या ॲपला दिवसाची ठरावीक मिनिटं नेमून देणारा ॲप टायमर, हाच सगळ्यात तकलादू आहे. कारण त्याची मोजणी रात्री बारा वाजता पुन्हा शून्यापासून सुरू होते.

समजा रील्सच्या ॲपला ३० मिनिटं लावली आणि ती रात्री साडेदहाला संपली. आयकॉन करडा होतो, ॲप उघडत नाही. इथवर छान. मग इकडचं तिकडचं बघत बारा वाजतात आणि आयकॉन पुन्हा रंगीत! अंथरुणात पडल्या पडल्या कोरी करकरीत ३० मिनिटं हातात. ती उद्याच्या खात्यातली आहेत हे त्या वेळी कोण लक्षात घेतंय? साडेबाराला तीही संपतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच ॲपवर कोणाचा तरी कामाचा मेसेज बघायचा असतो, ॲप उघडत नाही, आणि माणूस वैतागून टायमरच काढून टाकतो. काढायला ना पिन लागतो ना पासवर्ड. टायमर लावून चार दिवसांत काढणाऱ्यांपैकी कित्येकांचं असंच होत असणार, आणि दोष मात्र त्यांच्या इच्छाशक्तीला. दिवस पहाटे चार वाजता बदलावा, एवढा एक पर्याय द्यायला काय हरकत आहे? आयफोनच्या स्क्रीन टाइममध्येही मर्यादा बारालाच नव्याने सुरू होते, म्हणजे दोन्हीकडे तीच बोंब.

यावर उपाय त्याच ॲपमध्ये आहे, फक्त त्याचं नाव टायमर नाही. फोकस मोड उघडा, नको ती ॲप निवडा आणि शेड्यूल रात्री साडेदहा ते सकाळी सात असं सातही दिवसांसाठी लावा. आता कोट्यात मिनिटं असोत वा नसोत, त्या वेळात ॲप उघडत नाही आणि त्याची नोटिफिकेशन्सही मोड संपेपर्यंत अडवून ठेवली जातात. यादीत ब्राउझरही घाला, नाहीतर सगळं मुसळ केरात. फोन, अलार्म, बँक आणि ओटीपीचे एसएमएस येतात ते ॲप मात्र बाहेर ठेवा. बेडटाइम मोडवर विसंबू नका. तो स्क्रीन करडी करतो, आवाज बंद करतो, पण कुठलंही ॲप अडवत नाही. दोन्ही एकाच वेळेला लावले तर जमतं. फोकस मोडमध्येही ‘ब्रेक घ्या’ म्हणून ५, १५ आणि ३० मिनिटांची बटणं आहेतच. अगदीच राहवलं नाही तर ५ दाबा. वेळ संपली की ॲप आपोआप पुन्हा बंद होतं. ३० दाबायचं असेल तर मोड लावण्यात अर्थ नाही.

दुसरं भोक ब्राउझरचं. ॲपचा टायमर ॲपपुरता, साइटला तो लागत नाही. डॅशबोर्डमध्ये क्रोमवर जाऊन साइटची यादी उघडली की एकेका साइटला वेगळा टायमर लावता येतो. पण इन्कॉग्निटो टॅबमधला वेळ त्यात मोजला जात नाही, आणि दुसरा ब्राउझर टाकला की खेळ संपला. त्यापेक्षा साधा उपाय चालतो: ब्राउझरमधून त्या साइटचं लॉगआउट करा, सेव्ह केलेला पासवर्ड पुसा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवा. लांबलचक पासवर्ड टाइप करून वर कोड टाकायचा म्हटलं की अर्ध्या वेळा बोट मागे येतं. ॲपच्या आतल्या मर्यादांवर तर माझा भरवसाच नाही. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये रोजच्या मर्यादेतले १० आणि १५ मिनिटांचे पर्याय काढून सगळ्यात कमी मर्यादा ३० मिनिटांवर नेली. यांच्याकडून काय संयम शिकायचा!

ग्रेस्केलबद्दलचं, म्हणजे रंग काढून सगळी स्क्रीन करडी करण्याबद्दलचं, मत मात्र वापरता वापरता दोनदा बदललं. आधी ती नौटंकी वाटायची. मग लक्षात आलं की लाल बिल्ले आणि भडक थंबनेल यांचा जोर खरंच निघून जातो, आणि वाचायला काही अडत नाही. पण दिवसभर ठेवलं तर नकाशातला ट्रॅफिकचा रंग कळत नाही, आलेख कळत नाहीत, कपड्याचा रंग बघायचा तर सोडाच. शिवाय काही आठवड्यांत डोळा सरावतो आणि परिणाम ओसरतो. म्हणून आता ते फक्त रात्री, बेडटाइम मोडबरोबर. हाताने लावायचं तर ॲक्सेसिबिलिटी, कलर करेक्शन, ग्रेस्केल असं जा आणि त्याचा शॉर्टकट वरच्या पॅनलमध्ये आणून ठेवा. आयफोनवर ते कलर फिल्टर्समध्ये आहे. ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटला जोडलं की बाजूचं बटण तीनदा दाबून चालू-बंद होतं. स्क्रीनशॉट रंगीतच येतो, कारण बदल फक्त पडद्यापुरता असतो.

आता ज्यासाठी हे ॲप ठेवावं ती गोष्ट, आणि तीच सगळ्यात कमी लोक उघडतात. डॅशबोर्डवर ‘स्क्रीन टाइम’ लिहिलेलं असतं त्यावर टिचकी मारली की ‘आलेली नोटिफिकेशन्स’ आणि ‘किती वेळा उघडलं’ असे दोन आणखी आकडे मिळतात. स्क्रीन टाइमचा आकडा फसवा असतो. रस्ता बघायला नकाशा तासभर चालू ठेवला किंवा लांबलचक व्हिडिओ कॉल झाला तरी तो फुगतो. किती वेळा उघडलं हा आकडा खरी सवय दाखवतो. आणि ‘आलेली नोटिफिकेशन्स’मध्ये जी दोन-तीन ॲप वर असतात तीच बहुतेक वेळा फोन हातात घ्यायला लावतात.

त्यांना आवरायची सोय २०१७ च्या ॲन्ड्रॉइड ८ पासून आहे: प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशन्सचे वेगवेगळे प्रकार. नको असलेलं नोटिफिकेशन आलं की ते ढकलून देऊ नका, दाबून धरा आणि नेमका तो प्रकार बंद करा. खरेदीच्या ॲपमध्ये ‘ऑर्डरची माहिती’ चालू, ‘ऑफर’ बंद. हे एका बैठकीत करायला जाऊ नका, यादी बघूनच कंटाळा येतो. जसजशी येतील तसतशी छाटा. काही लबाड ॲप सगळं एकाच प्रकारात कोंबतात. तिथे सरळ ‘सायलेंट’ करायचं. ॲन्ड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावीच लागते, तिथे पहिलं उत्तर ‘नाही’.

व्हॉट्सॲपचे ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट करून आर्काइव्ह करा, आणि चॅट्सच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स आर्काइव्हमध्येच ठेवा’ चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर नवा मेसेज येताच ग्रुप पुन्हा वर उगवतो.

यूट्यूबवर टायमरपेक्षा एक सेटिंग भारी पडतं: पाहिल्याचा इतिहास बंद करून आधीचाही पुसून टाकणं. २०२३ पासून असं केलं की होम पान जवळपास रिकामं दिसतं. सर्च आणि सबस्क्रिप्शन्स चालू राहतात. अनंत स्क्रोल, म्हणजे कितीही खाली सरकवलं तरी न संपणारं पान, २००६ मध्ये तयार करणारे अझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, पण फीडला शेवट काही कोणी परत आणून दिला नाही. तेव्हा फीडच रिकामी केलेली बरी. तोटा एवढाच की अर्धवट सोडलेला व्हिडिओ पुन्हा शोधायचा तर शीर्षक आठवावं लागतं.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: स्क्रीन टाइमला पासकोड लावा, तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांगा आणि ‘मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा’ चालू ठेवा. नाहीतर ‘आजपुरतं दुर्लक्ष करा’ हे बटण समोर येतं आणि ते कोणीही दाबतं. ‘आणखी एक मिनिट’ मात्र पासकोड असूनही मिळतं.

राउटरवर रात्रीचं वेळापत्रक लावून घरभराचं इंटरनेट बंद करायची कल्पना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात आधी राउटरचा टाइम झोन तपासा, तो चुकीचा असला की भलत्याच वेळी नेट जातं. एकेका फोनपुरता नियम लावला असेल तर त्या फोनमध्ये घरच्या वायफायसाठी बदलता मॅक ॲड्रेस (राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक) बंद करावा लागतो, नाहीतर राउटरला तो फोन नवीनच वाटतो. एवढं करून मोबाइल डेटा चालूच असतो.

राहिली पैसे घेणारी ब्लॉकर ॲप. त्यांची वर्षाची वर्गणी मला पटत नाही. बहुतेक ॲप ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसची परवानगी मागतात, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते वाचायची मुभा. तीही दिली, तरी अनेक फोनचं बॅटरी व्यवस्थापन त्यांना मागच्या मागे मारून टाकतं. ब्लॉकर कधी गप्प झाला ते कळतसुद्धा नाही, आणि तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ॲप काढून पुन्हा टाका. आधीच घेतलं असेल तर त्याची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ऑटोस्टार्ट चालू करा, आणि प्रत्येक सिस्टिम अपडेटनंतर परवानगी टिकली आहे ना ते बघा. सोडायचं ठरवलं तर नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका, वर्गणी त्याने बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल चित्रावर टिचकी मारा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स, मग सबस्क्रिप्शन्स, आणि तिथून रद्द करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर स्वतःच्या नावाखाली तीच यादी आहे. रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप चालतं, त्यामुळे हे काम वर्गणीच्या तारखेपर्यंत ढकलायचं काहीच कारण नाही.