सोडायचं की जपायचं? आळत्याला जाण्याआधी

भाची शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. सुट्टीत कोल्हापूरजवळच्या आळत्याच्या विपश्यना केंद्रात, म्हणजे बुद्धाच्या वाटेचं ध्यान शिकायला, दहा दिवस बसायचं तिच्या मनात आहे, पण एक शंका काही जात नाही. "मामा, साडेतीनशे कोटी वर्षं धडपडून जीवसृष्टी इथवर आली, आणि मी तिथं जाऊन शिकायचं काय, तर सोडून द्यायला?" असा पेच आणखीही काहींना पडत असेल, म्हणून उत्क्रांती आणि बुद्धाचं सोडणं, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघतो.

आधी बुद्धाचा तराफ्याचा दृष्टांत. नदी ओलांडली, आता तराफा डोक्यावर घेऊन हिंडायचं कशाला? आपल्याकडं तराफ्याच्या जागी काहिल, गूळ करायची मोठी कढई. पुरात गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून पलीकडं गेलेली माणसं आपल्या भागात भेटतील. पाणी ओसरल्यावर ती डोक्यावर घेऊन कुणी बाजारात जात नाही. पण मोडीतही घालत नाही. हंगाम आला की तीच चुलवाणावर चढते.

उत्क्रांतीचा कारभार या काहिलीसारखाच काटकसरीचा. पूर्वजांच्या जबड्यातली हाडं सस्तन प्राण्यांच्या कानात ऐकायच्या कामाला लागली. शेपूट गेली, माकडहाड राहिलं. म्हणजे सोडणं तिलाही चुकलेलं नाही. तिला 'प्रगती' म्हणताना मात्र जरा जपून. पट्टकृमीला आतडंच नाही, आयतं पचलेलं अन्न तो अंगातून शोषतो आणि मजेत जगतो. ही प्रगती की अधोगती? डार्विनने 1859 मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीला पुढचं काही दिसत नाही, आज निभावतं तेवढं टिकतं. भाषा, माया, विचार हे मोलाचं आहे असं ठरवतो आपण. खुशाल ठरवावं, फक्त निसर्गाची सही त्यावर मागू नये.

खरी गाठ पडते ती अधिष्ठानाच्या तासात. चौथ्या दिवसापासून तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं असतं. मी बसलोय. विसाव्या मिनिटाला उजवा गुडघा असा ठणकायला लागला की वाटलं, आता हा निखळून पडतो. ती कळ हा पूर्वजांकडून आलेला भोंगा. तो ऐकून पाय हलवणारे वाचले, म्हणून आपण आहोत. पण त्या भोंग्याला आपल्या सुखाशी घेणं नाही, जीव तगला की त्याचं काम झालं. विपश्यनेत भोंगा बंद करत नाहीत, तो वाजला की दरवेळी धावायचं नाही एवढंच शिकवतात. भाचीला म्हटलं, वारसा तसाच राहतो, जाते ती त्याची ताबेदारी.

एक जागा मात्र खरंच जुळत नाही. आणखी व्हावं, पुढं जावं या ओढीला बुद्ध भवतृष्णा म्हणतो आणि दुःखाच्या मुळाशी नेऊन ठेवतो. उत्क्रांतीतली 'पुढची पायरी' हेच ज्याचं श्रद्धास्थान आहे, त्याला हे टोचणार. उलट, सगळं संपावं ही इच्छासुद्धा बौद्ध विचारात तृष्णाच, विभवतृष्णा. म्हणून वैतागून सोडणाऱ्यालाही तिथं सूट नाही.

आणि सोडणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतन, म्हणजे पिढ्यानपिढ्या लादलेली गावकीची चाकरी, रद्द केलं. ते वतन सुटणं हीच पुढची वाट होती. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची 1920 ची माणगाव परिषद झाली तो गाव आणि आळते, दोन्ही आज हातकणंगले तालुक्यातच. ज्याच्या हाती काहीच येऊ दिलं नाही, त्याला 'सोडून दे' सांगणाऱ्याशी मी तरी वाद घालेन. बाबासाहेबांनी बुद्ध निवडला तो हक्क सोडण्यासाठी नव्हे.

तर भाचीसारख्या, अभ्यासाची गोडी असलेल्या पण निकालाच्या धास्तीनं झोप उडालेल्या पोरीनं जावं. फी नाही, मोबाइल जमा, वाचन-लेखन बंद, दहाव्या दिवसापर्यंत मौन. आपण उत्क्रांतीच्या शिखरावर आहोत ही खात्री करून घ्यायला कुणी निघालं असेल, तर तिकीट राधानगरी अभयारण्याचं काढावं. गवे बघून यावं, ते या बाबतीत काहीच बोलत नाहीत.

भाचीनं फॉर्म भरलाय. बेडकांची वही नेऊ का, विचारत होती. म्हटलं, घरी ठेव, अकराव्या दिवशी ती तिथंच असेल.