हार्वे मास्तरांचा फुकटचा वर्ग

एमएला आमच्या भूगोलाच्या पेपरात ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वे हमखास यायचे, पण ‘संख्यात्मक क्रांती’वरच्या, म्हणजे भूगोलात गणित न् आकडेवारी शिरली त्यावरच्या, टिपेपुरते. १९६९ साली ‘एक्सप्लनेशन इन जिऑग्राफी’ आलं, एवढं लिहिलं की मार्क पडायचे. त्याच वर्षी हा माणूस इंग्लंड सोडून अमेरिकेत बाल्टिमोरला शिकवायला गेला, आदल्या वर्षीच्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात घरं कुणाला मिळतात न् कुणाला नाही याच्या मागे लागला आणि मार्क्सकडे वळला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं फार उशिरा, हार्वेंची मार्क्सच्या ‘कॅपिटल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडावरची व्याख्यानं ऐकायला घेतली तेव्हा.

आधी व्यवहाराचं. व्याख्यानं १३, प्रत्येक साधारण दोन तासांचं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला वर्ग जसाच्या तसा चित्रित केलेला, २००८पासून त्यांच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर फुकट. नोंदणी नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. (प्रमोशनच्या फायलीला कागद हवा असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.) इंग्रजी ब्रिटिश असलं तरी संथ, कळतं.

हार्वे पुस्तकाबद्दल बोलत नाहीत, पुस्तक वाचतात. अमुक पान काढा म्हणतात, एक वाक्य वाचतात, थांबतात, हे इथे का आलं ते विचारतात. त्यामुळे भाजी निवडता निवडता ऐकायचा हा माल नाही. पुस्तक उघडं नसेल तर अर्धं डोक्यावरून जातं. पहिली तीन प्रकरणं, म्हणजे वस्तू, विनिमय, पैसा, चांगलाच घाम काढतात. तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. रेटून पुढे जावं, कारण दहावं प्रकरण येतं, कामाच्या दिवसाचं.

त्यात इंग्लंडच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल आहेत. मालक सकाळी सहाच्या आधी पाव तास यंत्रं सुरू करतो, संध्याकाळी पाव तास उशिरा थांबवतो, न्याहारीच्या अर्ध्या तासातली दोन्हीकडची पाच-पाच मिनिटं खातो, जेवणाच्या तासातली दहा-दहा. शनिवारचे थोडे कमी धरून आठवड्याला झाले ५ तास ४० मिनिटं, वर्षाला कामाचे २७ दिवस. माझे बाबा इथे सोलापुरात गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते. जेवणाच्या सुट्टीतली मिनिटं आमच्या घरातही मोजली जायची, फक्त त्यांची बेरीज कुणी मांडून दाखवली नव्हती.

उक्त्या मजुरीचं प्रकरण ऐकत होते तेव्हा शेजारच्या पद्माअक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. “म्हातारा काय सांगतोय गं?” मी सांगितलं: नगावर मजुरी दिली की मालकाला मुकादम ठेवावा लागत नाही, बाई स्वतःच स्वतःला हाकते, आणि माल खराब म्हणून पैसे कापायलाही सोपं. अक्कांनी हजार विड्यांमागे किती बाजूला काढतात ते ऐकवलं आणि म्हणाल्या, “एवढं कळायला एवढा मोठा प्रोफेसर लागतो होय?” लागतो, अक्का. आमच्या पाठ्यपुस्तकात तुमच्या विड्या ‘उद्योगांचे स्थानिकीकरण’ या धड्यात आहेत, आणि तिथे कच्चा माल, बाजारपेठ, वाहतूक सगळं आहे, सूप तेवढं नाही.

आता तक्रार. या वर्गात जात हा विषयच नाही. हार्वेंनी ती आणावी असं नाही, ते मार्क्सचं पुस्तक शिकवतायत. पण आपल्याकडचा विद्यार्थी एवढ्यावरच थांबला तर गिरणी त्याला अर्धीच दिसेल. मुंबईच्या गिरण्यांत मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नसत, आणि जास्त पगार नेमका तिथेच. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांचं म्हणणं वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच व्याख्यानं लावावीत. बायकांच्या कामाबद्दलही हात आखडता आहे. डोरीन मॅसी यांनी १९९१ साली हार्वेंच्या दुसऱ्या एका पुस्तकावर याच अंगाने झोड उठवली होती. मॅसीही भूगोलाच्याच, त्यामुळे ती टीका जास्त लागली असणार.

शेवटचं प्रकरण मात्र भूगोलवाल्यांनी चुकवू नये. पील नावाचा एक गृहस्थ ५०,००० पौंडांचं सामान आणि मजुरांचा तांडा घेऊन ऑस्ट्रेलियातल्या स्वान नदीकाठी उतरतो. तिथे जमीन मोकळी, मजूर पांगतात. साहेबांचं अंथरूण घालायलाही कुणी उरत नाही. पैसा आहे, यंत्रं आहेत, तरी भांडवल नाही! भांडवल अडलं की नवी जागा शोधतं, हा हार्वेंचा स्वतःचा सिद्धान्त इथे कसा जोडला जातो ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. मी ते ऐकलं आणि सोलापूरच्या बंद गिरण्या न् अक्कलकोट रोडच्या शेडमधले यंत्रमाग एकाच नकाशावर काढून अकरावीच्या वर्गात लावले.

पाचपैकी साडेचार. दुसऱ्या खंडाचीही मालिका आहे. ती मी अर्ध्यात सोडली. तिथे मार्क्सच रुक्ष आहे, हार्वे बिचारे काय करणार.