टॅबलेटवरील मराठी हस्तलिखित नोंदी टंकलिखित करताना: कीबोर्ड, नोंदींचे ॲप की पानाचे चित्र?

टॅबलेटवर स्टायलसने (पडद्यावर लिहायच्या लेखणीने) लिहिलेल्या मराठी नोंदी संपादन करता येईल अशा मजकुरात आणण्याचे आज मुख्यतः तीन मार्ग आहेत: हस्तलेखन स्वीकारणारा कीबोर्ड, नोंदींच्या ॲपमधील रूपांतराची सोय, आणि पानाचे चित्र करून ते वाचून घेणे. पहिल्या दोन मार्गांत यंत्रापुढे रेघांचा क्रम असतो. लेखणी कुठे टेकली, कोणत्या दिशेने सरकली आणि कुठे उचलली, हे सर्व त्यात नोंदलेले असते. तिसऱ्या मार्गात हा क्रम नाहीसा होतो आणि केवळ चित्र उरते. देवनागरीच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर ओढतात, मात्रा आणि अनुस्वार मागाहून देतात आणि घाईत शिरोरेघ गाळूनही टाकतात. रेघांच्या नोंदीत शिरोरेघ ही एक स्वतंत्र, आडवी, उशिरा आलेली रेघ म्हणून ओळखता येते. चित्रात तीच रेघ सगळी अक्षरे एकमेकांना चिकटवून टाकते. म्हणून कोणताही मार्ग निवडला, तरी मूळ नोंद ॲपमध्ये तशीच ठेवावी, फक्त पीडीएफ काढून ती पुसू नये, असे माझे ठाम मत आहे.

कीबोर्डचा मार्ग मराठीसाठी जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा आहे. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइडसाठी ८२ भाषांचा हस्तलेखन कीबोर्ड आणला होता. पुढे तीच सोय गूगलच्याच जीबोर्ड या कीबोर्डमध्ये आली. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेऊन हस्तलेखनाची मांडणी निवडली की खालच्या चौकटीत लिहिलेला शब्द वरच्या दस्तऐवजात युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, उमटतो, आणि ओळख चुकली तर बाजूला सुचवलेल्या पर्यायांतून योग्य शब्द तिथल्या तिथे निवडता येतो. चूक त्याच क्षणी दिसते, हा याचा खरा लाभ आहे. पण येथे तुम्ही नोंद घेत नसता, तर टंकलेखनच वेगळ्या रीतीने करत असता. पानावर बाण काढणे, समासात शेरा लिहिणे, आकृतीभोवती शब्द मांडणे यांपैकी काहीच शक्य नसते आणि तुमचे हस्ताक्षर कुठेही जतन होत नाही. व्याख्यान ऐकताना किंवा मुलाखत घेताना दर दोन शब्दांनी नजर पर्यायांकडे वळवावी लागली, तर ऐकण्यातले लक्ष तुटते.

नोंदींच्या ॲपमध्ये आधी मोकळेपणाने लिहायचे आणि रूपांतर नंतर करायचे, ही पद्धत विचार करणाऱ्याच्या सर्वांत जवळची आहे. सॅमसंग नोट्समध्ये लिहिलेला भाग निवडून त्याचा मजकूर करता येतो. मायस्क्रिप्ट या फ्रेंच कंपनीच्या नेबो ॲपमध्ये परिच्छेद रूपांतरित केल्यावरही त्यावर लेखणीने खाडाखोड करता येते. मायक्रोसॉफ्टच्या वननोटमध्येही लेखणीने लिहिलेल्याचा मजकूर करण्याची सोय आहे. रीमार्केबलसारख्या कागदी भासणाऱ्या पडद्याच्या टॅबलेटवर रूपांतरासाठी इंटरनेट लागते, म्हणजे पान यंत्राबाहेर जाते. रुग्णांच्या, अशिलांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी हा मुद्दा अचूकतेइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

या मार्गातली खरी अडचण भाषेची आहे. ‘मराठीची सोय आहे’ या विधानाचे तीन वेगळे अर्थ निघतात: मेनू मराठीत दिसतात, मराठी टंकलेखन करता येते, किंवा मराठी हस्ताक्षर ओळखले जाते. पहिल्या दोन सोयी असून तिसरी नसणे अगदी शक्य आहे. ॲपलने २०२० मध्ये आयपॅडवर स्क्रिबल ही हस्ताक्षराचा मजकूर करणारी सोय आणली, तेव्हा ती इंग्रजी आणि चिनी यांपुरतीच होती, आणि त्यानंतरही कंपनीला प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे जोडावी लागते. त्यामुळे टॅबलेट घेण्यापूर्वी हस्तलेखनाच्या भाषांची यादीच उघडून पाहावी. मराठी नाही म्हणून हिंदी निवडली, तर लिपी ओळखली जाते, पण शब्दांचा अंदाज हिंदीच्या शब्दसंग्रहाकडे झुकतो, आणि ‘ळ’ किंवा आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांची ओळख डळमळीत होते. अशा मजकुराच्या दुरुस्तीला लागणारे श्रम पाहता मी हा पर्याय लांब नोंदींसाठी कोणालाही सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष वापरात फार छळते. आपल्या नोंदींत मराठी वाक्याच्या मध्येच रोमन लिपीतले शब्द येतात, आणि रेघांवरून ओळखणाऱ्या प्रणाली साधारणपणे एका वेळी एकाच भाषेचे प्रारूप (अक्षरे ओळखण्याचा साचा) वापरतात. देवनागरीच्या प्रारूपाला रोमन शब्द दिला, तर तो देवनागरी अक्षरांत कोंबला जातो. उपाय साधा आहे: रूपांतर करायच्या नोंदीत परभाषी शब्दही देवनागरीतच लिहावेत.

चित्र वाचून घेण्याच्या मार्गाला कोणत्याही खास टॅबलेटची गरज नसते. पान चित्र किंवा पीडीएफ म्हणून बाहेर काढायचे, गूगल ड्राइव्हवर चढवायचे आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचे, की चित्राखाली मजकूर मिळतो. फाइल शक्यतो २ एमबीपेक्षा लहान असावी, पान सरळ असावे आणि तक्ते किंवा स्तंभ असतील तर त्यांची मांडणी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. एकाच पानावरील मिश्र लिपी हा मार्ग तुलनेने बरी हाताळतो. मात्र आकड्यांकडे बारकाईने पाहावे लागते, कारण मिश्र लिपीच्या पानावर देवनागरी १ हा रोमन नवासारखा आणि देवनागरी ४ हा रोमन आठासारखा वाचला जाण्याचा धोका असतो.

चित्र वाचणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक हा याच मार्गाचा नवा प्रकार आहे. गचाळ अक्षरही ते पुष्कळदा वाचतात, कारण न लागलेला शब्द ते संदर्भावरून भरून काढतात. नेमकी हीच त्यांची जोखीम आहे. जुन्या पद्धतीची चूक निरर्थक अक्षरांच्या रूपाने लगेच डोळ्यांत भरते. येथे चूक शुद्ध, सुबोध वाक्याच्या आत दडते. गावांची नावे, आडनावे, औषधांची मात्रा, गट क्रमांक असलेल्या नोंदी त्यांच्याकडे दिल्यास प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे.

याशिवाय एक मार्ग लोक विसरतात: आपली नोंद स्वतः मोठ्याने वाचून बोलते टंकलेखन करणे. गूगलच्या बोलत्या टंकलेखनात मराठी २०१७ पासून आहे. विरामचिन्हे बहुधा हाताने घालावी लागतात, पण स्वतःचे अक्षर आपल्याइतके कोणालाच लागत नाही, आणि त्रोटक टिपणे वाचताना पूर्ण वाक्ये आपोआप तयार होतात. ज्यांना नोंदींतून लेख किंवा अहवाल लिहायचा आहे, त्यांनी हा मार्ग आधी अजमावावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

लेखक आणि संशोधकांनी ॲपमध्ये लिहावे, मूळ पाने जपावीत आणि लागेल तेवढाच भाग मजकुरात आणावा. स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांना संपूर्ण वही रूपांतरित करण्याची गरज क्वचितच असते. त्यांनी प्रत्येक पानाचे शीर्षक तेवढे कीबोर्डने लिहिले, तरी शोधण्याचे काम भागते. पत्रे, अर्ज, निरोप असे छोटे लेखन करणाऱ्यांना, विशेषतः टंकलेखनाची सवय नसलेल्या ज्येष्ठांना, हस्तलेखनाचा कीबोर्ड पुरेसा आहे आणि त्यासाठी नवा टॅबलेट घेण्याचे कारण नाही.

दुकानात यंत्र हाती घ्याल, तेव्हा विक्रेत्याने दाखवलेल्या इंग्रजी वाक्यावर विसंबू नका. आपल्या नेहमीच्या वेगाने एक मराठी परिच्छेद लिहा. त्यात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘बॅंक’ आणि ‘ऑफिस’, ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘क्षत्रिय’, एक तारीख, एक रक्कम आणि आपल्या गावाचे नाव असू द्या, आणि निम्म्या शब्दांवर शिरोरेघ ओढू नका. मिळालेला मजकूर स्वतःला ईमेलने पाठवून दुसऱ्या संगणकावर उघडा आणि त्यात ‘दऱ्या’ हा शब्द टाइप करून शोधा. तो सापडला नाही, तर पडद्यावर अक्षर बरोबर दिसत असले तरी आतली युनिकोडची मांडणी चुकलेली आहे, आणि असा मजकूर पुढे शोधता किंवा शब्दानुक्रमे लावता येणार नाही.