‘कन्व्हर्ट केलेली’ लेन्स घेण्याआधी फाइल उघडून बघा

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमधले बरेच फोटोग्राफर सेकंडहँड सामान शोधताहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला गंडवणारा माणूस अजूनही माल विकतोय.

माझ्याकडे फुजीफिल्मचा जीएफएक्स 50एस टू हा मोठ्या सेन्सरचा (मीडियम फॉरमॅट) कॅमेरा आहे. गोदाघाटावर वाइड (रुंद दृश्य टिपणारी लेन्स) लागते, या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या जीएफ लेन्स महाग. म्हणून कॅननची ईएफ वाइड झूम अॅडाप्टरवर लावायची होती. त्यात वावगं काही नाही. ईएफ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत 44 मिमी अंतर लागतं, जीएफएक्समध्ये ते 26.7 मिमी. उरलेल्या जागेत अॅडाप्टर बसतो आणि लांबचा फोकसही मिळतो. खरी मेख लेन्स सेन्सरवर पाडते त्या प्रकाशाच्या वर्तुळात आहे. ही लेन्स फुल फ्रेमसाठी, म्हणजे 36 × 24 मिमी सेन्सरसाठी बनलेली; त्याचा कर्ण सुमारे 43 मिमी, जीएफएक्सच्या सेन्सरचा जवळपास 55. फुल फ्रेमसाठी बनवलेली लेन्स तिथवर पोचेलच असं नाही, वाइड झूम तर सहसा नाहीच.

“दादा, ही साधी नाही. मीडियम फॉरमॅटसाठी कन्व्हर्ट करून घेतलीय, कोपरे एकदम क्लीन,” विक्रेता म्हणाला. कन्व्हर्जनचे वेगळे पैसे लावले. कॉलेज रोडला भेटून स्वतःच्या जीएफएक्सवर लावून दाखवली, नमुन्याचे फोटोही पाठवले. मी यूपीआयने पैसे दिले.

गंगापूर धरणावर 16 मिमीला फोटो काढला तर चारही कोपरे काळे ठार! नमुन्याच्या फाइली तपासल्या, त्या सुमारे 30 मेगापिक्सेलच्या निघाल्या. या कॅमेऱ्याची पूर्ण फाइल 8256 × 6192 असते, म्हणजे 51 मेगापिक्सेल. त्याने ‘35 एमएम फॉरमॅट मोड’ चालू ठेवला होता. त्यात सेन्सरचा मधला 36 × 24 मिमीचा तुकडाच वापरला जातो, काळे कोपरे बाहेरच राहतात. ही निव्वळ लबाडी आहे आणि त्याचा मला अजून संताप येतो.

कन्व्हर्जन म्हणाल तर वर्तुळ मोठं करायला मागे काच लागते. लाओवा या लेन्स कंपनीचा तसा 1.4 पटीचा कन्व्हर्टर आहे; त्यावर त्यांची 12 मिमीची लेन्स 17 ची होते आणि एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो. मला विकलेल्या अॅडाप्टरमधून आरपार दिसतं, नुसती रिकामी रिंग.

म्हणून विक्रेत्यासमोरच मेन्यू उघडा, तो मोड बंद करा. लेन्स सगळ्यात वाइडला, फोकस लांबवर, अॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं छिद्र) एफ/11 ला ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. अॅपर्चर पूर्ण उघडं असताना काळी कड धूसर होते आणि नजरेतून सुटते. त्या मोडची फाइल 3:2 आकाराची येते, पण नुसती 3:2 दिसली म्हणून लगेच संशय नको; तो आकार मेन्यूतूनही निवडता येतो, पण पूर्ण रुंदीची असेल तर ती 8256 × 5504 भरायला हवी. वाइडच हवी असेल तर कॅननची टीएस-ई 24 मिमी टू शोधा. टिल्ट-शिफ्टसाठी (लेन्स तिरकी करायला, सरकवायला) बनवल्याने तिचं वर्तुळ 67.2 मिमी आहे.

विक्रेत्याचा माझ्याकडचा नंबर आता बंद आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. त्याच्या नमुन्याच्या फाइली आणि माझे धरणावरचे फोटो जपून ठेवलेत. कुणाला असाच सौदा आला असेल तर ताडून बघायला पाठवतो.