इंदूरमध्ये कबरीचा दगड घडवून घेताना: एका कारागिराच्या कामाविषयी

घरातले माणूस प्रभूत निजले की पहिल्या काही दिवसांची बरीचशी व्यवस्था मंडळी, म्हणजे आपल्या चर्चचे लोक, पाहतात. पेटी, कबर खणणारे, पाळकसाहेब, गीते म्हणणारे, शेजारून येणारा डबा, यांपैकी कशासाठीच घरच्यांना फारसे धावावे लागत नाही. दगडाचे काम मात्र पाहुणे परतल्यावर आपल्यालाच उभे करावे लागते, आणि इंदूरमध्ये मराठी मजकूर नीट कोरून देणारे थोडेच आहेत. आईच्या कबरीचा दगड आम्ही ज्यांच्याकडून घडवून घेतला, त्यांच्या कामाची माहिती इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना व्हावी म्हणून हे लिहीत आहे. त्यांच्या शेडला पाटी नाही. कबरस्तानाच्या चौकीदाराला विचारले तर तो पत्ता सांगतो.

त्याआधी आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथे आठवड्याच्या आत चौथऱ्यासह सगळे बसवून देण्याची तयारी होती, लेझरने काढलेल्या छायाचित्रांचे नमुने होते आणि वचनांची छापील यादीही होती. या कारागिराने मात्र दफनाला किती दिवस झाले हे विचारले आणि एक पावसाळा पूर्ण जाऊ द्या, असे सांगितले. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यातच खणून पुन्हा भरलेली कबर महिनोन्महिने खाली बसत राहते, त्यामुळे घाईने बांधलेला चौथरा कलतो किंवा मधोमध तडकतो. तोपर्यंत मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस एवढे पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. हातातले काम असे पुढे ढकलणारा माणूस माझ्या मते विश्वासाला पात्र आहे.

या थांबण्याचा आम्हाला दुसराही लाभ झाला. पहिल्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या ओठांवर ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे?’ हेच वचन होते, कारण दफनविधीत ते वाचले गेले होते आणि त्याने आम्हाला उभे धरले होते. ते खरेच आहे. परंतु घरात आईची खाट रिकामी दिसू लागल्यावर वडिलांना ते वाचवेना, आणि आपला विश्वास कमी पडतो आहे की काय, या विचाराने ते मनातून खचले. अशा वेळी पाळकसाहेबांनी आमच्याबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय सावकाश वाचला. मरण पावलेल्या लाजराला आपण कबरेतून बाहेर बोलावणार आहोत हे येशूला ठाऊक होते, तरीही लाजराची बहीण मरिया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून तो रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिले तेही असेच आहे: ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे तो सांगतो, खेदच करू नका, असे म्हणत नाही. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात ठेवावा असे मला कळकळीने वाटते, कारण ‘ती चांगल्या ठिकाणी आहे, रडू नका’ या शब्दांनी शोक संपत नाही, तो फक्त एकटा पडतो.

सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनीविषयी आई नेहमी बोलत असे. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करत असताना त्यांची हत्या झाली, आणि पुढे त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी यांनी तुरुंगात जाऊन मारेकरी समंदरसिंहाला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच राणी मारियांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले गेले, तेव्हा आम्ही कॅथलिक नसूनही आई त्या सोहळ्याला गेली होती. ती बहीण आधी पोटभर रडली असेल आणि मगच राखी घेऊन गेली असेल, असे आई म्हणायची. अखेर ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन दगडासाठी ठरले. ते प्रभूने लाजराच्या दुसऱ्या बहिणीला, मार्थेला, म्हणजे भाऊ गमावलेल्या एका बहिणीलाच सांगितले होते.

आता कामाविषयी. आम्ही पांढरा मकराना संगमरवर निवडला. ग्रॅनाइट ऊनपावसात अधिक टिकते, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. पण त्यांचा हात संगमरवरावर बसलेला आहे. ते अक्षरे छिन्नीने खोल आणि तळाशी निमुळती कोरतात, म्हणजे काळा रंग उडाला तरी खाचेतल्या सावलीमुळे मजकूर वाचता येतो. ‘पुनरुत्थान’ मधल्या जोडाक्षरात त आणि थ यांच्यामध्ये दगडाची जेमतेम काडीएवढी पट्टी उरते आणि ती उडण्याची भीती असते, म्हणून ते अक्षर त्यांनी आधी एका फुटक्या लादीवर कोरून पाहिले. कोरण्यापूर्वी पूर्ण मजकूर कागदावर मूळ आकारात काढून त्यांनी घरी आणला, वडिलांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि खाली त्यांची सही घेतली. दगड बसवताना आईचे पाय पूर्वेकडे आहेत याचीही त्यांनी खात्री करून घेतली. प्रभू पूर्वेकडून येईल आणि निजलेल्यांनी त्याला सामोरे उठावे, या जुन्या ख्रिस्ती श्रद्धेने आपल्याकडे तसे दफन करतात, हे त्यांना आम्ही सांगण्यापूर्वीच माहीत होते.

काही उणिवाही आहेत. हिशेब साध्या कागदावर मिळतो, वाहतूक आणि मजुरी वेगळी दाखवा असे आपणच सांगावे लागते. मात्र ठरलेली रक्कम वाढली नाही. फोन क्वचितच उचलला जातो. बसवणाऱ्या मजुरांनी शेजारच्या कबरीवर सिमेंटचे पाणी सांडले होते, ते आम्ही धुऊन काढले. त्या वेळी घरच्या कोणीतरी तिथे हजर असावे. कबरस्तान समितीची लेखी परवानगी आपणच आणायची असते. ईस्टरच्या पहाटे आणि 2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कुटुंबे कबरींवर येतात, त्यामुळे त्याआधीच्या आठवड्यांत त्यांच्याकडे कामाची गर्दी असते. शक्य असल्यास पावसाळा संपताच मजकूर ठरवून त्यांच्या हाती द्यावा.